एका दिग्दर्शकाचे चार शेवट

मेक्सिकन चित्रपटाचा इतिहास वाचताना फर्नांडो दे फुएन्तेस यांच्याबद्दलची एक कथा पुन्हा पुन्हा भेटते. १९३३ ते १९३५ या काळात त्यांनी मेक्सिकन क्रांतीवर कोणाचीही भीड न ठेवणारे तीन कठोर चित्रपट केले. त्यातला तिसरा, ‘वामोनोस कोन पांचो विया’ म्हणजे ‘चला, पांचो वियाबरोबर’, अफाट खर्चाचा होता आणि तो पडला. प्रेक्षकांनी पाठ फिरवली, दिग्दर्शक खचला आणि गाणी, घोडे, रुंद काठाच्या टोप्या यांच्या दुनियेत शिरला. तिथे ‘आया एन एल रांचो ग्रांदे’ म्हणजे ‘तिकडे मोठ्या मळ्यावर’ या चित्रपटाने त्याला अमाप यश दिलं, आणि खरं बोलणारा कलावंत कायमचा हरवला.

कथा नेटकी आहे. तिच्यात चढ आहे, घाव आहे, घसरण आहे. पण दोन तारखा शेजारी ठेवल्या की ती उभी राहत नाही. ‘रांचो ग्रांदे’ मेक्सिको सिटीच्या आलामेदा चित्रपटगृहात लागला ६ ऑक्टोबर १९३६ रोजी. ‘पांचो विया’ पालासिओ चित्रपटगृहात लागला ३१ डिसेंबर १९३६ रोजी, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांनंतर. ज्या अपयशामुळे दिग्दर्शक गाण्यांकडे वळला असं सांगतात, ते अपयश गाण्यांचा चित्रपट गाजायला लागल्यानंतरचं आहे. ‘विया’चं चित्रीकरण आधीचं, १९३५ सालचं, तो तयार होऊन पडून राहिला हेही खरं. त्याच्या खर्चाचं ओझं दे फुएन्तेस यांनी जवळून पाहिलं असणार. पण प्रेक्षकांनी नाकारलं म्हणून ते बदलले, हे विधान करता येत नाही. प्रेक्षकांना नाकारण्याची संधीच अजून मिळालेली नव्हती.

मग या माणसाचं काय झालं? उत्तर शोधायला हाताशी आहेत त्या गोष्टी अशा: चित्रपटांच्या प्रती, त्यांतल्या श्रेयनामावल्या आणि आरंभीचे मजकूर, प्रदर्शनाच्या तारखा, ज्या कादंबऱ्या-कथांवरून चित्रपट झाले त्या मूळ संहिता आणि त्या काळातल्या राजकारणाची नोंदलेली घडामोड. या साऱ्याची शिस्तीने जुळणी करण्याचं श्रेय चित्रपट-इतिहासकार एमिलिओ गार्सिया रिएरा यांचं. मेक्सिकन चित्रपटाचा त्यांचा बहुखंडी ‘दस्तऐवजी इतिहास’ १९६९ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यानंतर या दिग्दर्शकाकडे बघणाऱ्या कोणालाही त्यांच्या वाटेनेच जावं लागतं. माझं म्हणणं त्याच सामग्रीवर उभं आहे, पण चित्रपटांच्या शेवटांना मी जरा जास्त वजन देणार आहे. कारण दे फुएन्तेस यांच्या चार महत्त्वाच्या चित्रपटांत खरा संघर्ष शेवटच्या काही मिनिटांत झालेला दिसतो.

ते जन्मले वेराक्रूस या बंदराच्या शहरात, १३ डिसेंबर १८९४ रोजी. काही शिक्षण मॉन्तेरेय इथे, काही अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठात. तरुणपणी कविता लिहिल्या, वृत्तपत्रांत काम केलं. मग मेक्सिको सिटीत ओलिम्पिया या चित्रपटगृहाचे व्यवस्थापक झाले. परदेशी चित्रपटांना स्पॅनिश उपशीर्षकं देण्याची पद्धत मेक्सिकोत रुजवण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं. चित्रपटगृह चालवणाऱ्या माणसाला प्रेक्षक कुठे चुळबुळतो, कुठे रडतो, तिकीट कशासाठी काढतो हे रोज दिसतं. पुढच्या साऱ्या कारकिर्दीत ही जाण त्यांनी सोडली नाही, आणि ती त्यांची कमजोरी होती असं मला वाटत नाही.

मेक्सिकोच्या बोलपटाची सुरुवात मानला जाणारा ‘सांता’ ३० मार्च १९३२ रोजी प्रदर्शित झाला. त्यासाठीची ध्वनियंत्रणा रोद्रिगेस बंधूंनी तयार केली होती. दिग्दर्शक होते आंतोनिओ मोरेनो, आणि साहाय्यकांत होते दे फुएन्तेस. त्याच वर्षी त्यांनी स्वतःचा पहिला चित्रपट ‘एल अनोनिमो’ केला. पुढच्या एका वर्षात, १९३३ मध्ये, त्यांनी चार चित्रपट केले: ‘एल प्रिसिओनेरो त्रेसे’ म्हणजे ‘कैदी क्रमांक १३’, ‘ला कालांद्रिया’, ‘एल तिग्रे दे याउतेपेक’ आणि ‘एल कोम्पाद्रे मेंदोसा’. १९३४ मध्ये मठातल्या भुताची गोष्ट सांगणारा ‘एल फान्तास्मा देल कोन्वेन्तो’ आला आणि तलवारबाजीचा ‘क्रूस दियाब्लो’.

ही यादी मुद्दाम दिली. ‘क्रांतीची त्रयी’ हे नाव समीक्षकांनी मागाहून दिलेलं आहे. तीन चित्रपटांची मालिका आखून कोणी बसलं नव्हतं. त्या तिन्हींच्या मधोमध भुतं आहेत, तलवारी आहेत, दरोडेखोर आहेत, कौटुंबिक करुणकथा आहेत. दे फुएन्तेस एका कोवळ्या उद्योगातले मेहनती व्यावसायिक दिग्दर्शक होते. जे चालेल ते करून पाहत होते आणि त्यातच क्रांतीचा विषय तीनदा हाताशी आला. म्हणून ‘शुद्ध कलावंत’ ते ‘बाजारू दिग्दर्शक’ अशी घसरण दाखवायला सुरुवातीचा तो शुद्ध कलावंतच सापडत नाही. जे सापडतं ते जास्त मोलाचं आहे.

‘कैदी क्रमांक १३’ची गोष्ट क्रांतिकाळातल्या हुएर्ताच्या लष्करी राजवटीत घडते. कर्नल कार्रास्को दारुडा आहे, हिंसक आहे. बायको तान्ह्या मुलाला घेऊन घर सोडते. वर्षं जातात. कटवाल्या तेरा कैद्यांना गोळ्या घालण्याचा हुकूम होतो. एका श्रीमंत घरच्या मुलाला सोडवण्यासाठी कर्नल लाच घेतो, आणि तेराचा आकडा भरण्यासाठी रस्त्यावरून जो मिळेल तो तरुण पकडून आणायला सांगतो. पकडला जातो तो त्याचाच मुलगा. सत्य कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

प्रदर्शनानंतर लष्करी वर्तुळातून हरकत आली. मेक्सिकोचा लष्करी अधिकारी असा लाचखोर आणि खुनी दाखवायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. शेवट बदलावा लागला. आज आपण पाहतो त्या प्रतीत कर्नल गुंगीतून जागा होतो. सारं दुःस्वप्न होतं. तो दारूची बाटली फेकून देतो. या शेवटाचा जोड उसवलेला आहे हे कळायला बाहेरचा पुरावा लागत नाही. चित्रपटात असे कितीतरी प्रसंग आहेत जिथे कर्नल नाहीच: बायकोचं आणि मुलाचं घर, कैद्यांची कोठडी, कैद्यांच्या आयांची धावपळ. जे त्याला दिसू शकत नव्हतं ते त्याच्या स्वप्नात कसं आलं? गोष्ट जागेपणी घडते आहे असं धरूनच प्रत्येक दृश्य रचलेलं आहे. बायकोची भूमिका आदेला सेकेइरो यांची आहे. काही वर्षांतच त्या स्वतः दिग्दर्शक झाल्या. मेक्सिकोच्या बोलपटाच्या आरंभीच्या स्त्री दिग्दर्शकांत त्यांचं नाव घ्यावं लागतं, आणि ते फारच कमी घेतलं जातं.

पहिला शेवट असा दिग्दर्शकाच्या हातून काढून घेतला गेला. दुसरा त्यांनी घट्ट धरून ठेवला.

‘एल कोम्पाद्रे मेंदोसा’ माउरिसिओ मागदालेनो यांच्या कथेवर आधारलेला. पटकथेत दे फुएन्तेस यांच्या जोडीला हुआन बुस्तियो ओरो होते. मागदालेनो आणि बुस्तियो ओरो दोघेही राजकीय नाटक करणाऱ्या चळवळीतून आलेले. रोसालिओ मेंदोसा हा गेरेरो प्रांतातला जमीनदार. शेतकरी नेता सापाता याचे बंडखोर आले की त्याचा कारभारी दिवाणखान्यात सापाताचं चित्र लावतो. हुएर्ताचं सैन्य आलं की हुएर्ताचं. तिसऱ्या गटाच्या कारान्साचे लोक आले की कारान्साचं. पाहुणचार सगळ्यांना सारखाच, आणि धान्य-हत्यारांचा व्यापारही सगळ्यांशी. लग्नाच्या दिवशीच बंडखोर हल्ला करतात तेव्हा मेंदोसाचा जीव वाचवतो फेलिपे नीएतो, सापाताच्या बाजूचा एक प्रामाणिक सेनानी. दोघांत जिव्हाळा वाढतो. मेंदोसाच्या मुलाचं नाव फेलिपे ठेवलं जातं आणि नीएतो त्याचा धर्मपिता, म्हणजे मेंदोसाचा ‘कोम्पाद्रे’ होतो. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत ज्या नात्याला कुंपार म्हणतात तेच हे नातं, रक्ताच्या तोडीचं मानलेलं.

मग पीक बुडतं, पैशाची वाट बंद होते, आणि कारान्साचा कर्नल नीएतोला पकडून देण्याची किंमत सांगतो. मेंदोसा ती घेतो. घरात हे सारं आधी कळतं ते एका मुक्या मोलकरणीला. एमा रोल्दान यांनी ती भूमिका नुसत्या डोळ्यांनी केली आहे. चित्रपट संपतो तेव्हा हासिएंदाच्या, म्हणजे त्या जमीनदारी इस्टेटीच्या, कमानीला नीएतोचा देह लटकत असतो, आणि पैसे घेतलेला माणूस तिथून बाहेर पडत असतो. १० एप्रिल १९१९ रोजी चिनामेका इथे प्रत्यक्ष सापातालाही मैत्रीचं नाटक करून असंच बोलावून मारलं होतं. १९३४ च्या प्रेक्षकांना ते आठवायला पंधरा वर्षं म्हणजे फार नव्हती.

हा शेवट गोड करता आला असता. त्या सुमारास दे फुएन्तेस यांनी जाहीरपणे मांडलं होतं की मेक्सिकोचा चित्रपट आपल्या गंभीर, शोकात्म स्वभावाचा खरा आरसा असला पाहिजे. हॉलीवूडच्या नकलेतून तो निघणार नाही. ‘कैदी क्रमांक १३’चा शेवट गमावल्यानंतर काही महिन्यांत त्यांनी हे करून दाखवलं. या चित्रपटात वाईट कोण, या प्रश्नाला सोपं उत्तर मिळत नाही. मेंदोसा दुष्ट नाही. तो प्रेमळ बाप आहे, दिलदार यजमान आहे, मित्राला विकताना त्याला यातना होतात. तरीही तो विकतो. क्रांती जिंकली कोणी, हे दे फुएन्तेस यांनी एका घरातल्या भिंतीवरच्या चित्रांवरून आणि एका मध्यमवयीन माणसाच्या घामेजल्या चेहऱ्यावरून सांगितलं. आल्फ्रेदो देल दिएस्त्रो हे नट ‘कैदी क्रमांक १३’मध्ये कर्नल झाले होते. इथे मेंदोसाही तेच. या दोन भूमिका लागोपाठ पाहिल्या की दिग्दर्शक एकाच माणसाचा पिच्छा पुरवतो आहे असं वाटतं: ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे, असा माणूस.

१७ जानेवारी १९७४ रोजी मेक्सिको सिटीत सिनेतेका नासिओनाल ही राष्ट्रीय चित्रपटसंस्था सुरू झाली तेव्हा पहिला खेळ याच चित्रपटाचा लावला होता. आठ वर्षांनी, २४ मार्च १९८२ रोजी, सिनेतेका आगीत भस्मसात झाली. जुन्या नायट्रेट फिल्मचा साठा त्या इमारतीत होता. हजारो चित्रपटांच्या प्रती, पटकथा, कागदपत्रं जळली, माणसंही गेली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत प्रभातच्या मूळ फिल्म कशा गेल्या, हे ज्यांच्या लक्षात आहे त्यांना या नुकसानीचं वेगळं वर्णन करून सांगायला नको. दे फुएन्तेस यांचे प्रमुख चित्रपट आज पाहता येतात ते इतरत्रही प्रती होत्या म्हणून. १९६० मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाने स्थापन केलेली फिल्मोतेका आणि तिच्यासारखे संग्रह नसते तर आज या चित्रपटांच्या शेवटांबद्दल काहीच बोलता आलं नसतं.

आता ‘पांचो विया’.

राफाएल मुन्योस यांची याच नावाची कादंबरी १९३१ ची. पटकथा कवी हाविएर विय्याउरुतिया आणि दे फुएन्तेस यांची, संगीत सिल्वेस्त्रे रेवुएल्तास यांचं. क्लासा ही नवी निर्मितीसंस्था आणि तिच्या पाठीशी राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांचं सरकार. लष्कराने सैनिक, घोडे, आगगाडी, गणवेश, दारूगोळा पुरवला. खर्च दहा लाख पेसोंच्या घरात गेल्याचं सगळीकडे नोंदलेलं आहे. मेक्सिकोत तोवर कोणी एवढा पैसा एका चित्रपटावर लावला नव्हता. कादंबरीकार मुन्योस यांनी स्वतः एक भूमिका केली, आणि रेवुएल्तास एका गुत्त्यात पियानो वाजवताना दिसतात. पियानोवाल्यावर गोळ्या झाडू नयेत अशी विनंती तिथे लिहून ठेवलेली आहे.

सान पाब्लो गावचे सहा जण क्रांतीतला सेनानी पांचो विया याच्या सैन्यात जातात. तिबुर्सिओ माया त्यांच्यातला वडीलधारा. एकेक जण मरतो. पहिला मरतो तो शौर्याने, शत्रूची मशीनगन दोर टाकून ओढून आणताना. नंतरच्या मरणांचं मोल उतरत जातं. मेलितोन बोतेयो मरतो गुत्त्यातल्या एका भयंकर खेळात: तेरा माणसं टेबलाभोवती, दिवा मालवलेला, आणि घोडा चढवलेलं पिस्तूल अंधारात वर फेकलेलं. गोळी बोतेयोला लागते. आपण भित्रे नाही हे दाखवायला तो जखमी अवस्थेत स्वतःलाच संपवतो. तेराव्या कैद्यानंतर तेरा माणसांचं हे टेबल. आकडा योगायोगाचा असेल, पण मरणाची निरर्थकता दोन्हीकडे तीच. शेवटी उरतात तिबुर्सिओ आणि बेसेरियो नावाचा पोरगा. पोराला देवी येतात. साथ पसरू नये म्हणून त्याला सामानासकट जाळण्याचा वियाचा हुकूम निघतो, आणि तो पाळायचा असतो तिबुर्सिओने. तो पाळतो. त्यानंतर विया तिथे येतो आणि संसर्गाच्या भीतीने त्याच्यापासून चार पावलं लांब उभा राहतो. ज्याच्यासाठी सहा जण घराबाहेर पडले तो माणूस एका विश्वासू शिपायाच्या जवळ यायला घाबरतो. तिबुर्सिओ रेल्वेच्या रुळांवरून अंधारात चालत निघून जातो. १९३६ मध्ये प्रदर्शित झालेला चित्रपट इथे संपतो.

पण चित्रीकरण तिथे संपलं नव्हतं. पुढे सापडलेल्या प्रतीत आणखी एक शेवट आहे. काही वर्षं लोटली आहेत. तिबुर्सिओ शेतावर बायको, मुलगी आणि मुलगा यांच्यासोबत राहतो. पडत्या काळातला विया येतो, जेवतो, आणि पुन्हा बरोबर चल म्हणतो. तिबुर्सिओ सांगतो, बायको आहे, मुलगी आहे, त्यांना टाकून कसा येऊ? विया आत जातो आणि दोघींना गोळ्या घालतो. आता अडचण उरली नाही. तिबुर्सिओ बंदूक उचलतो, पण वियाचा साथीदार फिएरो त्यालाच ठार करतो. विया मुलाला बरोबर घेऊन निघतो.

कादंबरीशी ताडून पाहिलं की यातलं दिग्दर्शकाचं योगदान कळतं. मुन्योस यांच्या कादंबरीतही विया बायको आणि मुलीला मारतो. पण तिथला तिबुर्सिओ त्यानंतर मुलाला घेऊन वियाच्याच मागे जातो आणि शेवटपर्यंत त्याच्याशी निष्ठा राखतो. चित्रपटातला तिबुर्सिओ बंदूक उचलतो. मूळ लेखकाच्या निष्ठेची कथा दिग्दर्शकाने इथे निष्ठेविरुद्धच्या पुराव्यात बदलली आहे.

हा भाग वगळला जाण्यामागे सरकारी दबाव होता असं बहुतेकांचं मत. ते पटण्यासारखं आहे. पैसा सरकारचा, सैन्य सरकारचं. पण त्यासोबत काही तारखा ध्यानात घ्यायला हव्यात. १९३६ मध्ये विया हा राष्ट्रपुरुष झालेला नव्हता. संसदेच्या भिंतीवर त्याचं नाव सोन्याच्या अक्षरांत कोरण्याचा निर्णय १९६६ चा, आणि क्रांती स्मारकात त्याचे अवशेष नेले ते १९७६ मध्ये. दे फुएन्तेस चित्रपट करत होते तेव्हा ज्यांनी वियाला हरवलं त्यांच्या वारशातूनच आलेलं सरकार देशावर होतं. त्या गटाचे सर्वेसर्वा कायेस यांना कार्देनास यांनी १० एप्रिल १९३६ रोजी देशाबाहेर धाडलं. म्हणजे चित्रीकरण आणि प्रदर्शन यांच्यामध्ये सत्तेचा समतोलच बदलला. वियाची प्रतिमा जपण्यासाठी शेवट कापला, एवढं सरळ कारण या पार्श्वभूमीवर पुरत नाही. चित्रपटाच्या आरंभीचा मजकूर इथे उपयोगी पडतो. त्यात हा चित्रपट वियाच्या माणसांच्या निष्ठेला आणि धैर्याला वाहिलेला आहे असं म्हटलं आहे, आणि त्यातलं क्रौर्य कोणा एका गटाच्या किंवा एका जनतेच्या माथी मारू नये, त्या काळी फ्रान्स-फ्लँडर्सच्या भूमीवरही असंच रक्त सांडत होतं, अशी पुस्तीही जोडली आहे. हा मजकूर लिहिणाऱ्याला राजकीय पक्षापेक्षा क्रांतीचं नाव जपायची काळजी जास्त होती. वगळलेला शेवट त्या नावावरच घाव घालणारा होता. माझ्या मते तो गेला तो त्यामुळे.

दोन शेवटांतला फरक मोठा आहे. प्रदर्शित शेवटात तिबुर्सिओला क्रांती सोडून जाता येतं. वगळलेल्या शेवटात कोणालाच सोडून जाता येत नाही, पुढच्या पिढीलाही नाही. कलाकृती म्हणून रुळांवरचा अंधार अधिक संयत आहे हे मान्य. पण जे म्हणायचं होतं ते पूर्ण म्हटलं गेलं आहे ते वगळलेल्या भागात.

इतकं झाल्यावर ‘रांचो ग्रांदे’कडे नव्या नजरेने पाहता येतं. फेलिपे हा मालक, होसे फ्रान्सिस्को हा त्याचा मुकादम; दोघे बालपणीचे सवंगडी. मुकादमाचं क्रूसवर प्रेम आहे. क्रूस अनाथ, मोलकरणीसारखी राबवली जाणारी. मुकादम घोड्यांच्या शर्यतीला गेलेला असताना क्रूसची पालनकर्ती तिचा सौदा मालकाशी करते. मालक तिला रात्री बोलावून घेतो. तिची शुद्ध हरपते, तिचं प्रेम कोणावर आहे हे त्याला कळतं आणि तो तिला परत पाठवतो. पण पाहणाऱ्यांनी पाहिलेलं असतं. गावच्या गाण्याच्या जुगलबंदीत प्रतिस्पर्धी ओळींतून टोमणा मारतो आणि मुकादमाला भर सभेत कळतं. पिस्तुलाला हात जातो, खुलासा होतो, सगळं मिटतं, लग्नं लागतात.

मांडणी नीट पाहा. वरच्या माणसाने खालच्या माणसाचा विश्वास विकत घेण्याचा प्रयत्न केला आहे, आणि सौद्यात दिली जाणारी वस्तू म्हणजे एक जिवंत माणूस आहे. कर्नल आणि तेरावा कैदी, मेंदोसा आणि नीएतो, विया आणि तिबुर्सिओ, फेलिपे आणि होसे फ्रान्सिस्को: प्रसंग एकच आहे. तीनदा त्याचा शेवट मृत्यूत होतो, चौथ्यांदा लग्नात. दे फुएन्तेस यांनी विषय सोडला नव्हता. त्याचं उत्तर बदललं होतं. मालक चांगला निघाला तर सगळं चांगलं होतं, हे ते उत्तर. आणि ते खोटं होतं असं मी म्हणतो, कारण आधीच्या तीन चित्रपटांनी तसं सिद्ध केलं होतं.

काळ या खोटेपणाला साक्ष आहे. ‘रांचो ग्रांदे’ लागला त्याच ६ ऑक्टोबर १९३६ रोजी कार्देनास यांनी ला लागुना या कापूसपट्ट्यातल्या मोठ्या जमिनी ताब्यात घेऊन शेतकऱ्यांना वाटण्याचा हुकूम काढला. त्यांच्या कारकिर्दीत सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन वाटली गेली. प्रत्यक्षात हासिएंदा मोडत होत्या, तेव्हा पडद्यावरच्या हासिएंदात प्रेमळ मालक आणि गाणारे मुकादम नांदत होते. शहरातल्या प्रेक्षकाला, आणि स्पॅनिश बोलणाऱ्या साऱ्या खंडाला, ते चित्र हवंहवंसं वाटलं. चित्रपट लॅटिन अमेरिकेत सर्वत्र चालला, अमेरिकेत इंग्रजी उपशीर्षकांसह लागला. छायालेखक गाब्रिएल फिगेरोआ यांचा स्वतंत्रपणे केलेला हा पहिला चित्रपट. १९३८ च्या व्हेनिस महोत्सवात त्यांच्या छायालेखनाचा गौरव झाला. आदल्याच वर्षी याच महोत्सवात प्रभातच्या ‘संत तुकाराम’ची दखल घेतली गेली होती. मेक्सिकोत १९३७ मध्ये ३८ चित्रपट तयार झाले, १९३८ मध्ये पन्नासहून अधिक, आणि त्यांतले कितीतरी रांचोचेच. एका उद्योगाचा पाया या एका चित्रपटाने घातला. पुढचं ‘सुवर्णयुग’ त्याच पैशावर आणि बाजारपेठेवर उभं राहिलं. हे यश नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल.

त्यानंतर दे फुएन्तेस आणखी दीड दशकाहून अधिक काळ काम करत राहिले. रांचो, हालिस्को, चारो म्हणजे घोडेस्वार गायक यांचे चित्रपट केले. १९४२ चा ‘आसी से किएरे एन हालिस्को’ रंगीत होता आणि त्यात होर्हे नेग्रेते होते. १९४८ मध्ये नेग्रेते यांनाच घेऊन ‘रांचो ग्रांदे’ पुन्हा केला. यातलं बरंचसं आता पाहताना कंटाळा येतो. एक अपवाद ठळक आहे: १९४३ चा ‘दोन्या बार्बारा’. व्हेनेझुएलाचे कादंबरीकार रोमुलो गायेगोस यांनी स्वतः पटकथेत हातभार लावला. पुढे १९४८ मध्ये ते आपल्या देशाचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी लष्कराने त्यांना हटवलं. मारिया फेलिक्स यांना ‘ला दोन्या’ ही आयुष्यभराची उपाधी या चित्रपटाने मिळवून दिली. इथेही माणसं आणि जमीन मुठीत धरणारी सत्ता आहे, फक्त ती एका बाईच्या हाती आहे आणि त्या बाईकडे दिग्दर्शक सहानुभूतीने पाहतो. जुना प्रश्न पुन्हा जागा झालेला इथे दिसतो.

४ जुलै १९५८ रोजी मेक्सिको सिटीत ते वारले. तेव्हा लोकांच्या मनात ते ‘रांचो ग्रांदे’चे दिग्दर्शक होते. १९६० नंतर नव्या समीक्षकांनी जुने चित्रपट पुन्हा पाहायला सुरुवात केली, आणि १९९४ मध्ये ‘सोमोस’ मासिकाने जाणकारांना विचारून शंभर श्रेष्ठ मेक्सिकन चित्रपटांची यादी केली तेव्हा पहिला क्रमांक ‘पांचो विया’ला मिळाला आणि तिसरा ‘एल कोम्पाद्रे मेंदोसा’ला. मधला दुसरा बुन्युएल यांच्या ‘लोस ओल्विदादोस’ला. प्रेक्षकांनी एका आठवड्यात विसरलेला चित्रपट अठ्ठावन्न वर्षांनी देशाचा सर्वश्रेष्ठ ठरला.

या चित्रपटांकडे वळणाऱ्या वाचकाला एक विनंती. ‘रांचो ग्रांदे’पासून सुरुवात करू नका, आणि तो टाळूही नका. ‘कैदी क्रमांक १३’ पाहा आणि स्वप्नाचा शेवट मनातून वजा करा. मग ‘मेंदोसा’ पाहा. ‘पांचो विया’ पाहाल तेव्हा दोन्ही शेवट असलेली प्रत मिळवा, आणि वगळलेला भाग पाहिल्याशिवाय या दिग्दर्शकाबद्दल मत बनवू नका.